बिनपंख्याची पेटी

पंखा तिसऱ्या महिन्यात गेला.
आधी कुरकुरला, मग एका रात्री
उलट्या पडलेल्या भुंग्यासारखा जागीच थरथरला,
आणि सकाळी निवतीच्या मच्छीमार सोसायटीत
डिझेलचं खातं उघडेना.
खोललं, तर पात्यांच्या बुडाशी मीठ.
खारा वारा दार वाजवत नाही,
स्क्रूच्या आट्यांवरून चढतो.

कम्प्युटर तरी केवढा, पत्त्यांच्या कॅटाएवढा.
त्यात अठ्ठेचाळीस होड्यांचा हिशेब,
भरती-ओहोटीच्या वेळा,
आणि वासू तांडेलनं कुणाला न विचारता भरलेली
दशावताराची तीन नाटकं.
ऐंशी अंशांवर गेला की आपणहून हळू होतो.
कळ दाबावी
आणि चहा पिऊन यावं.

मी मोबाईलवर पेट्या बघत बसले.
पारदर्शक प्लास्टिकची, भोकाभोकांची:
पाल त्यात अंडी घालणार, हे न विचारता कळलं.
तांब्याची:
किंमत ऐकून खजिनदार दाजी खवणेकरांनी
चष्मा काढून पुसला, परत घातला,
आकडा तोच होता.
मग ॲल्युमिनियमची, काळी, विटेसारखी जड,
अंगभर फासळ्या.
"काळी कित्याक? उन्हात तापतली."
उन्हात ठेवायची नाही, दाजी.
"मगे काळी कित्याक?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
काळ्यातच शिल्लक होती.

बस्त्याव मिस्त्री होडीचं इंजिन सोडून आला,
हात पुसत, म्हणजे काळं इकडून तिकडे करत.
फोटो लांब धरून बघितला.
"माझ्या जुन्या लुनाक खंय होतो पंखो?
फासळ्योच होत्यो.
गरमेक वाट दी गो.
ती हयसर ऱ्हवाक येवक नाय."

कुडाळहून पार्सल यायला नऊ दिवस.
आत पेटी, चार स्क्रू,
आणि राखाडी रबराचे दोन चौकोन, एक जाड, एक पातळ.
चिपच्या पाठीवर हा ठेवायचा, वर झाकण,
मधे वारा उरता कामा नये.
गंमतच आहे:
बाहेर जो वारा तारतो
तोच आत केसाएवढा अडकला तर मारतो.

बसवलं. आवळलं. चालू केलं.
अर्ध्या तासात ब्याऐंशी.
पेटी मात्र थंडगार, जशी काही तिला
आतल्या कुणाची ओळखच नाही.
दाजी काही बोलले नाहीत,
पावती फक्त खणातून टेबलावर आणून ठेवली.
परत खोललं.
रबराच्या एका अंगाला निळी फिल्म तशीच होती,
पातळ, फुकाची,
मी सोलायची विसरलेली.

आता छप्पन्न. कधी एकोणसाठ.
आडवी नाही, कडेवर उभी ठेवली आहे
म्हणजे तापलेली हवा फासळ्यांमधून वर सरकते
आणि खालून गार हवा तिच्या जागी येते,
कुणी ढकलावं लागत नाही.
एक झालं, धातूत वायफाय घुसमटतं.
आधी बर्फाच्या शेडपर्यंत पोचायचं,
आता उंबऱ्यापर्यंत.
त्यामुळे खलाशी उंबऱ्यावर बसतात
आणि मला आत-बाहेर करताना
प्रत्येकाचा गुडघा ओलांडावा लागतो.

खोलीत आवाज नाही.
पंख्याची घरघर गेल्यावर पहिले दोन दिवस
मी उगाच उठून दिवा लागलाय का बघत होते.

सध्या मासेमारी बंद आहे, होड्या शाकारल्यात,
भिंतीला ओल, वहीची पानं फुगलेली,
काडी ओढली तर गुल मऊ होऊन पुसलं जातं.
आज सकाळी बघते तर पेटीवर
दाजींची काडेपेटी, तोल साधून आडवी.
मी काढली. म्हटलं, दाजी, वाट अडते तिची.
त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी.
दुपारी जेवून आले
तर काडेपेटी परत तिथेच,
आणि शेजारी बस्त्यावच्या दोन विड्या.